सॉफ्टबॉल: अंपायरने डावा हात आडवा धरला, तरी रनर आऊट? ऑब्स्ट्रक्शनबद्दल (फिल्डरने रनरची वाट अडवणं) मदत हवी आहे

थर्डकोच_७
मुलींचा फास्टपिच सामना. दुसऱ्या बेसवर रनर, एक आऊट. बॅटरने राइट फिल्डला हिट मारली. रनर तिसऱ्या बेसवरून वळत होती, तेव्हा थर्ड बेसवाली बेसच्या आतल्या कोपऱ्याला चिकटून उभी होती. नजर राइट फिल्डकडे, ग्लोव्ह रिकामा. रनरचा खांदा तिला लागला, ती अडखळली, तरी होमकडे (शेवटचा बेस, प्लेट) सुटली. होमवर कॅचर प्लेटच्या पुढे, रेषेवरच गुडघा टेकून बसलेली. थ्रो तेव्हा पिचर सर्कलच्याही मागे होता. रनरला बाहेरून वळसा घालावा लागला, तोवर थ्रो आला आणि टॅग (बॉल धरून रनरला स्पर्श) झाला. बेस अंपायरने तिसऱ्या बेसपाशी डावा हात आडवा धरला होता. प्लेट अंपायरने आऊट दिलं आणि खेळ पुढे गेला.

माझे प्रश्न: हात दाखवल्यावर आऊट कसं? थ्रो येतोय म्हणून कॅचरला वाट अडवता येते का? वळसा न घेता रनरने सरळ धडक दिली असती तर? आणि अशा वेळी कोचने नेमकं काय करायचं?

निळी_टोपी
डावा हात आडवा, मूठ बंद, म्हणजे डिलेड डेड बॉल. ऑब्स्ट्रक्शन दिसलं आहे, पण खेळ चालू आहे. हात दिसला म्हणून रनरने थांबायचं नसतं आणि फिल्डरनेही नाही. इथेच बरेच संघ फसतात. हात पाहून बेंच ओरडतो "थांब, थांब", आणि मिळणारा बेस जातो.

आता आऊटचं. रनरला संरक्षण मिळतं ते ज्या दोन बेसच्या मध्ये तिला अडवलं, त्या दोन बेसच्या मध्ये. तिथे तिला टॅग केलं तर अंपायर लगेच डेड बॉल देतो (म्हणजे खेळ थांबवतो) आणि अडथळा नसता तर ती जिथे पोचली असती तो बेस देतो. किमान मागचा बेस तरी तिचाच राहतो.

म्हणून तुमच्या प्रसंगात पहिला प्रश्न असा: खांदा लागला तेव्हा रनरचा पाय तिसऱ्या बेसला लागून गेला होता का?

लागायच्या आधी धडक झाली असेल, तर अडथळा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. तिसऱ्या बेसपर्यंत तिला संरक्षण. त्यापुढे होमकडे गेली, त्याचा निर्णय अंपायरच्या अंदाजावर. "ही धडक नसती तर होमला पोचली असती" असं त्याला वाटलं तर होम द्यायचं. "फार तर तिसऱ्यावर थांबली असती" असं वाटलं तर होमवरचा आऊट कायम.

पाय लागल्यानंतर धडक झाली असेल, तर अडथळा तिसऱ्या आणि होमच्या मध्ये. मग होमवर टॅग झाला तरी आऊट नाही. होम मिळेल किंवा तिसऱ्यावर परत. तिसरा पर्याय नाही.

अर्ध्या पावलाच्या फरकाने निकाल उलटतो, त्यामुळे कोचिंग बॉक्समधून बघताना रनरच्या पायाकडे बघा, धडकेकडे नाही.

शिवाय कॅचरने केलं ते वेगळं, दुसरं ऑब्स्ट्रक्शन आहे, आणि ते नि:संशय तिसऱ्या आणि होमच्या मध्येच. प्लेट अंपायरने ते पाहिलं असेल तर आऊट टिकतच नाही.

गल्ली_शॉर्टस्टॉप
पण थ्रो कॅचरकडेच येत होता ना? बॉल घेण्यासाठी तिला कुठेतरी उभं राहावंच लागेल. बेसबॉलमध्ये चालतं हे.

निळी_टोपी
@गल्ली_शॉर्टस्टॉप, बेसबॉलचं इथे आणू नका, अर्धे वाद तिथूनच येतात. सॉफ्टबॉलच्या जुन्या नियमांत "बॉल घेण्याच्या बेतात असलेला फिल्डर" अशी सवलत होती, ती काढून टाकली आहे. आता फिल्डरला वाट अडवायला दोनच कारणं आहेत: बॉल हातात आहे, किंवा बॅटने मारलेला बॉल ती फिल्ड करते आहे. फेकलेला बॉल वाटेत आहे, हे कारण होत नाही.

उलट बाजूही सांगतो. नुसतं रेषेवर उभं राहणं म्हणजे ऑब्स्ट्रक्शन नव्हे. रनरला त्याचा त्रास व्हायला हवा: वेग कमी झाला, वाट बदलावी लागली, स्लाइड (बेसकडे घसरत जाणं) मोडली. अंगाला अंग लागायची गरज नाही. रनर दहा फूट लांब असताना कॅचरने बॉल घेतला आणि मग वाट अडवली, तर तो चांगला खेळ. बॉल नसताना टॅगचा खोटा आव आणला आणि रनर त्याला फसून थबकली किंवा स्लाइडला गेली, तर स्पर्श नसूनही ऑब्स्ट्रक्शन.

मातीचे_गुडघे
धडकेचं मी सांगते. फिल्डर बॉल घेऊन उभी आहे आणि रनर उभ्याउभ्या, मुद्दाम, जोरात तिच्यावर आदळली, तर रनर आऊट. प्रकार गंभीर असेल तर मैदानाबाहेरही. आधी तिला कुणी अडवलं असलं तरी सुटका नाही. ऑब्स्ट्रक्शननंतर इंटरफिअरन्स (रनरने फिल्डरच्या खेळात अडथळा आणणं) झाला तर शिक्षा इंटरफिअरन्सची आधी. "तिने आधी अडवलं" हा बचाव अंपायरपुढे चालत नाही, मुलींना हे आधीच सांगून ठेवा. स्लाइड सक्तीची नाही, वळसाही घेता येतो. पण फिल्डरच्या हातात बॉल असताना टॅग चुकवायला आपल्या वाटेपासून ३ फुटांपेक्षा (०.९१ मीटर) जास्त बाजूला गेलं तर आऊट.

तुमच्या रनरने वळसा घेतला तेव्हा कॅचरकडे बॉल नव्हता, त्यामुळे ३ फुटांचा मुद्दा लागू नाही. तो वळसा म्हणजेच अडवल्याचा पुरावा. बरोबर खेळली ती.

कॅचरला शिकवायचं ते असं. थ्रोची वाट बघताना प्लेटच्या पुढे, फेअर बाजूला उभं राहायचं. डावा पाय तिसऱ्या बेसकडच्या पुढच्या कोपऱ्यापाशी, पण रेषेच्या आत. तिसऱ्यावरून येणाऱ्या रनरला प्लेटची कडा दिसली पाहिजे. आधी बॉल ग्लोव्हमध्ये, मग डावा गुडघा रेषेवर, मग टॅग. क्रम उलटा झाला की गुडघा आधी पडतो, आणि नेमकं तेच तुमच्या सामन्यात झालं. सरावात १५ मीटरवरून थ्रो द्या आणि प्लेटच्या मागच्या टोकापासून तिसऱ्या बेसच्या दिशेने दीड मीटरवर एक प्लास्टिकचा कोन (शंकू) ठेवा. बॉल ग्लोव्हमध्ये येण्याआधी कोनला पाय किंवा गुडघा लागला तर ती फेरी बाद.

थर्ड आणि फर्स्ट बेसवालीने आपल्या बेसवर खेळ नसेल तर डायमंडच्या आत, पिचरच्या दिशेने दोन-तीन पावलं सरकायचं. तिथून रनरचा पाय बेसला लागतो की नाही हेही दिसतं. आतल्या कोपऱ्यावर उभं राहून आउटफिल्ड बघत बसणं ही शालेय संघांची जुनी खोड.

गल्ली_शॉर्टस्टॉप
पटलं. मग ग्राउंडरवर (जमिनीवरून येणारी हिट) मी बॉल घेत असताना फर्स्टवरून आलेली रनर आदळली तर?

निळी_टोपी
तिथे हक्क तुझा. बॅटने मारलेला बॉल फिल्ड करणाऱ्याला वाट द्यायची जबाबदारी रनरची, मुद्दाम असो की चुकून. यात डिलेड काही नाही. डेड बॉल लगेच, रनर आऊट, बॅटर-रनरला पहिला बेस, बाकीच्या त्या क्षणी ज्या बेसला शेवटचा पाय लागला होता तिथे. डबल प्ले (एकाच खेळात दोन आऊट) मोडण्यासाठीच केलं हे उघड दिसलं तर तिच्या लगेच मागची रनरही आऊट.

मात्र बॉल तुझ्या ग्लोव्हमधून निसटून लांब गेला की हे कवच संपतं. एक पाऊल टाकून हात पोचेल एवढ्यात असेल तर ठीक. त्यापलीकडे गेलेल्या बॉलमागे धावताना रनरच्या वाटेत आलीस तर ऑब्स्ट्रक्शन तुझ्यावर येऊ शकतं. आणि एका बॉलवर संरक्षण एकाच फिल्डरला.

@थर्डकोच_७, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. खेळ थांबल्यावर टाइम मागा, एकट्या मुख्य कोचने जा, आणि ज्याने हात दाखवला त्याच अंपायरकडे. "दिसलं नाही का?" असं विचारलंत तर विषय तिथेच संपतो, कारण तो अंदाजाचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट (औपचारिक हरकत) नाही. विचारायचं असं: "अडथळा कोणत्या दोन बेसच्या मध्ये धरला? आणि टॅग त्याच दोन बेसच्या मध्ये झाला का?" उत्तर "तिसरा आणि होम" आलं आणि तरी आऊट कायम ठेवला, तर तो नियम चुकीचा लावणं झालं. त्यावर प्रोटेस्ट होतो, पण पुढचा पिच पडायच्या आत. पिच पडला की बोलून उपयोग नाही.

थर्डकोच_७
पाय बेसला लागून गेला होता, हे माझ्या बाजूच्या तिघींनी पाहिलं. म्हणजे थर्ड बेसवरच्या अडथळ्यावरूनही आऊट टिकत नव्हता. आम्ही "दिसलं नाही का" असंच विचारलं, आणि तेही दोन पिचनंतर. एक राहिलं: बेस अंपायरचा हात प्लेट अंपायरने पाहिलाच नसेल तर?

निळी_टोपी
म्हणूनच हात सगळ्यांना दिसेल इतका वेळ आडवा धरायचा असतो आणि तोंडाने "ऑब्स्ट्रक्शन" म्हणायचं असतं. टाइम मागून दोघांनी आपसात बोलावं अशी विनंती करता येते, त्यात काही गैर नाही. हात दाखवणाऱ्याने आपल्याला काय दिसलं ते सांगितलं की बेस देऊन निर्णय दुरुस्त होतो.