धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही?

अरुंधती: काल इथं कुणीतरी ठासून लिहिलं, "निकोटीन पाउचमध्ये तंबाखू नाही, धूर नाही, हृदयाला काहीही होत नाही." वाचून राहवलं नाही. पाउच म्हणजे ओठाखाली ठेवायची निकोटीनची छोटी पुडी. धूर गेला, निकोटीन कुठं गेलं? ते हिरडीतून रक्तात उतरतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात. माझा भाऊ ६ मिलिग्रॅमचे पाउच एकामागून एक लावायचा. एका रात्री छाती धडधडतेय म्हणून दचकून उठला. मनगट धरून मीच ठोके मोजले, मिनिटाला १२४.

दर्यावर्दी: ते मीच लिहिलं होतं. वीस वर्षं सिगारेटी फुंकल्या. हृदयाला घातक कार्बन मोनॉक्साइड येतो तो धुरातून. स्वीडनमध्ये पिढ्यान् पिढ्या स्नूस, म्हणजे ओठाखाली ठेवायची तंबाखू, चालतं, तिथल्या मोठ्या अभ्यासांत त्यामुळे हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत. पाउचवर आल्यापासून जिना चढताना मला दम लागत नाही. तुम्ही लोकांना घाबरवून परत सिगारेटकडे ढकलताय!

अरुंधती: अर्धा दाखला देऊ नका. स्वीडनचाच २०१४ चा अभ्यास आहे: झटक्यानंतर ज्यांनी स्नूस सोडलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं. आणि पाउच तर कालपरवाचे. वीस-तीस वर्षं वापरलेला माणूस दाखवा आधी.

निळूभाऊ: तपासणीच्या फॉर्मवर फक्त "धूम्रपान करता का?" एवढंच असतं, त्याचं काय? मी "नाही" लिहिलं, खरंच लिहिलं. रक्तदाब १५०/९६ आला, गोळी सुरू झाली. मोजताना पाउच ओठाखालीच होता!

शलाका: मी रोज पेशंटचा रक्तदाब मोजते. तोंडी विचारलं तरी लोक "कसलंच व्यसन नाही" म्हणतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, निकोटीन काही नको.

निळूभाऊ: मला कुणीही हे सांगितलं नाही. दोष पेशंटच्या माथी मारू नका.

शलाका: मारत नाही. पण ओठाखाली काय आहे ते मला दिसत नाही हो. पुन्हा मोजून घ्या. तोवर गोळी मनानं बंद करू नका.

दर्यावर्दी: बरं, "काहीही होत नाही" हे मागे घेतो. "सिगारेटपेक्षा कमी" हे मात्र नाही. मेहुण्याला स्टेंट बसलाय, त्याला मीही पाउच लाव म्हणणार नाही.

अरुंधती: माझ्या भावानं जन्मात सिगारेट ओढली नव्हती. त्याला कमी ते कशापेक्षा?

दर्यावर्दी: हे आधी सांगायचं होतंत. त्यानं सोडावं. आजच.