मदत हवी आहे: नीरोच्या नाण्यावरचा ज्युपिटर ठरवला कोणी?
नमस्कार मंडळी, रोमन ऑरियसबद्दल (प्राचीन रोमचं सोन्याचं नाणं) विचारायचं होतं. इ.स. ६५ मध्ये सम्राट नीरोला मारण्याचा पिसो या रोमन उमरावाचा कट फसला. त्यानंतरच्या नीरोच्या सोन्याच्या नाण्यांवर आसनावर बसलेला, कमरेच्या वर उघडा ज्युपिटर, म्हणजे रोमनांचा मुख्य देव, दिसतो. एका हातात वज्र, दुसऱ्यात राजदंड आणि कडेने अक्षरं ‘युप्पिटर कुस्तोस’, म्हणजे राखणदार ज्युपिटर. सव्वासात ग्रॅमच्या आसपास सोनं आणि त्यावर केवढी जाहिरात! पुढे सम्राट डोमिशियननेही मिनर्व्हा देवीला नाण्यांवर असंच मिरवलं.

तर देव कोणता घ्यायचा हे खुद्द सम्राट ठरवायचा, की टांकसाळीतले अधिकारी त्याची मर्जी ओळखून? पुराव्यानिशी लिहिलेलं काही वाचलं असेल तर कृपया सुचवा. (किंमत विचारत नाहीये, घ्यायची ऐपतच नाही!)