अनुभव धागा : ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ मधूनच वाचायला घेतल्यावर

गोशो आओयामा यांची ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ ही जपानी चित्रमालिका १९९४ पासून ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात चालू आहे आणि २०२१ मध्ये तिच्या खंडांची शंभरी भरली. एवढ्या लांबलेल्या मालिकेत फार थोडे वाचक पहिल्या खंडापासून शिरतात. बहुतेक जण हाती लागेल तो खंड उघडतात आणि गोंधळतात. आपण नेमके कोठे अडलात, गुन्ह्याच्या उकलीत की मागच्या कथेत, हे येथे सविस्तर लिहावे. प्रतिसादांत रहस्ये फुटणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात माझ्यापासून. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून मला मिळाला तो ४२वा खंड. विषप्रयोगामुळे लहान मुलगा झालेला शाळकरी गुप्तहेर शिनिची कुडो म्हणजेच कॉनन, एवढे मला ऐकून ठाऊक होते आणि तेवढ्यावर भागेल अशी माझी समजूत होती. त्या खंडात गोदीवरचा रात्रीचा प्रसंग आहे. शिनिचीची बालमैत्रीण रान हिला शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या जोडी नावाच्या बाई, त्याच विषाने लहान झालेल्या आणि सर्दीने आजारी असलेल्या हैबाराला मोटारीतून घेऊन येतात आणि समोर डॉक्टर आराइदे उभे असतात. पुढच्या काही पानांत बाई एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या निघतात, डॉक्टर म्हणजे वेषांतर केलेली, विष बनवणाऱ्या गुन्हेगारी संघटनेतली व्हरमूथ निघते आणि तोंडाला मास्क लावलेली हैबारा म्हणजे चक्क कॉनन असतो. त्याच रात्री जहाजावरच्या मेजवानीत दिसणारा शिनिचीही खरा नाही, तो त्याचा गुप्तहेर मित्र हेइजी हात्तोरी. एकापाठोपाठ एक मुखवटे उतरत होते आणि मी मात्र पाने मागे उलटून ‘हे डॉक्टर कोण?’ एवढेच शोधत बसलो होतो, कारण जो चेहरा कधी ओळखीचा झालाच नाही तो खोटा निघाल्याचे आश्चर्य वाटणार तरी कसे? पुढे १८व्या खंडापासून, म्हणजे हैबारा पहिल्यांदा येते तेथून, वाचत आलो, तेव्हा याच गोदीवर अंगावर काटा आला.

नाशिकहून :
माझा गोंधळ निव्वळ नावांचा होता. उपशीर्षकांसह कार्टून पाहताना नायक शिनिची होता आणि इंग्रजी पुस्तक उघडले तर तो जिमी. रानची रेचेल झालेली, हैबाराची अनिता. जिमी हा शिनिचीचा कोणी प्रतिस्पर्धी असावा, असे मी अर्धा खंडभर समजत होते.

पुण्याहून :
मी जपानी भाषा शिकते आणि सरावासाठी ही मालिका मुळातून वाचते. किशोरांसाठीची असल्यामुळे कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांशेजारी बारीक टायपात त्यांचे उच्चार छापलेले असतात, ही आम्हां विद्यार्थ्यांची मोठीच सोय आहे. येथे नवख्याला अडवते ते कथानकाइतकेच भाषेवरचे खेळ. शिनिचीला लहान करणाऱ्या विषाच्या नावात ४८६९ हा आकडा आहे. जपानीत आकडे निरनिराळ्या प्रकारे उच्चारता येतात, त्यामुळे याचे वाचन शि-या-रो-कु, म्हणजे साधारण ‘शेरलॉक’ असे होते. भाषांतरात आकडा तसाच उतरतो, उच्चार मागे राहतो. मरणाऱ्याने मागे ठेवलेला संदेश अशाच एखाद्या उच्चारावर बेतलेला असला, तर भाषांतर वाचणाऱ्याला तो ओळखण्याची संधीच नसते. तेव्हा आपल्याला डोके नाही असे त्याने मानू नये. हैबारा या नावातील ‘हाइ’ म्हणजे राख, आणि तो राखाडी रंग एका इंग्रजी कादंबरीतील कॉर्डेलिया ग्रे या स्त्री-गुप्तहेराकडून आलेला आहे, हे कळले त्या दिवशी मी वहीचे एक पान फक्त नावांसाठी राखून ठेवले.

कोल्हापूरहून :
वरील सर्वांनी दोष स्वतःकडे घेतला आहे. माझ्या मते तो निम्मा तरी रचनेचा आहे. एक प्रकरण बहुधा तीन भागांचे आणि खंडात दहा-अकरा भाग, त्यामुळे हिशेब जुळत नाही आणि खंड अनेकदा ऐन मध्यावर संपतो. नातवाने दिलेल्या खंडात शेवटच्या चौकटीत कॉननने गुंगीची सुई सोडणाऱ्या मनगटी घड्याळाची काच उभी करून नेम धरलेला आहे, खुनी त्याला समजला आहे, आणि पुस्तक संपते! ‘आजोबा, उत्तर पुढच्या खंडात आहे,’ असे म्हणून नातू खेळायला पळाला आणि पुढचा खंड त्याच्याकडे नव्हता. मी निवृत्त गणित शिक्षक आहे. संशयितांच्या वेळांचा तक्ता कागदावर मांडला, दोन संध्याकाळी खर्च केल्या आणि धाकटा भाऊ दोषी ठरवला. तीन आठवड्यांनी पुढचा खंड आला, त्यात वहिनी निघाली. मी जपानी पुस्तकांच्या रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचण्याऐवजी एका पानावर सवयीने उलटे वाचले होते आणि दिवे जाण्याआधीचा प्रसंग नंतरचा धरला होता. ही चूक माझी, पण खंड अर्ध्यावर तोडल्याबद्दलची माझी तक्रार कायम आहे.

डोंबिवलीहून :
माझा अनुभव अगदी लहान आहे. लेकीच्या पुस्तकातले मधलेच प्रकरण मी वाचले. त्यात कोगोरो मोरी नावाचे गृहस्थ खुर्चीत मान टाकून झोपतात आणि झोपेतच खुनाचा उलगडा करतात. या माणसाला दृष्टांत होत असावेत आणि ही भुताखेतांची मालिका असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटले. मुलीने कपाळावर हात मारून एक पान मागे उलटले आणि बोट ठेवले. एका अरुंद चौकटीत घड्याळातून सुटलेली गुंगीची सुई होती आणि तिच्या खाली सोफ्याआड तोंडाशी आवाज बदलणारा बो-टाय धरून कोगोरोंच्या आवाजात बोलणारा तो पहिलीतला मुलगा, कॉनन.