सही घरून करून नेऊ नका
प्रतिज्ञापत्राला (ॲफिडेव्हिटला) ₹५०० चा स्टॅम्प पेपर लागतोच, असं बरेच जण सांगतात, ते सरसकट खरं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात १०० चे ५०० झाले हे बरोबर, पण जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासूनच मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो. बाहेर टेबल मांडून बसलेला टायपिस्ट हे आपण होऊन सांगेल अशी आशा मात्र ठेवू नका.

आणि 'नोटरी काय, नुसता शिक्का मारतो' असं म्हणतात, तेही तितकं खरं नाही. वडिलांच्या वारसाच्या कामात मी घरूनच सही ठोकून गेलो होतो. नोटरीबाईंनी कागद सरकवून परत दिला. "'माझ्यासमक्ष सही केली' असं मी खाली लिहिणार, आणि तुम्ही तर आधीच करून आलात!" शेवटचं पान पुन्हा टाइप करून आणलं, त्यांच्यासमोर सही केली, मग त्यांच्या जाडजूड रजिस्टरातही एक करावी लागली. त्या नोंदीचा अनुक्रमांक शिक्क्याजवळ पेनने लिहितात. तो आणि तारीख पडली आहे का, ते तिथून निघायच्या आधी बघून घ्या.