ट्रॅक डेसाठी जुनी पॅलिओ १.६ : पैसा इंजिनात घालावा की ब्रेकमध्ये?

माहुलीकर (सातारा)

फियाटने २००१ साली भारतात पॅलिओ आणली. तिची १.६ जीटीएक्स आवृत्ती सुमारे १०० अश्वशक्तीच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनामुळे आणि रस्त्याला धरून चालण्याच्या गुणामुळे आजही जाणकारांच्या मनातून उतरलेली नाही. अशी एक सुस्थितीतील गाडी हाती आली आणि ती कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ‘ट्रॅक डे’ला, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, उतरवण्याजोगी करायची झाली, तर पहिला पैसा कुठे घालावा, यावरून आमच्या मित्रमंडळात दोन तट पडले आहेत. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: मोकळा एअर फिल्टर, नवा एक्झॉस्ट, जमल्यास कॅमशाफ्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा). माझे मत नेमके उलट आहे. इंजिनाला हात न लावता सगळी रक्कम आधी ब्रेक, टायर आणि कूलिंग यांवर खर्च करावी.

वेग ताशी १०० किलोमीटरवरून १४० वर गेला की गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि ब्रेक दाबताच ती बहुतेक सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते. रस्त्यावर डिस्कला थंड होण्यास उसंत मिळते, सुमारे २.१ किलोमीटरच्या आखूड ट्रॅकवर ती मिळत नाही. त्यात ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कास-यवतेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात हवा किती ओली असते, हे सातारकरांना सांगायला नको. ऑइल उकळले की नळीत वाफ धरते, पाय ती वाफच दाबत राहतो आणि पेडल तळाला जाते. त्यामुळे मी आधी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडायला सांगतो. मूळचे पिवळसर ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट झाले असेल, तर कॅमशाफ्टचा विषयच काढू नये. ताजे डॉट ४ किंवा ५.१ (सिलिकोनचे डॉट ५ मुळीच नव्हे), उष्णता सोसणारे पॅड आणि वीस वर्षे जुन्या रबरी नळ्यांच्या जागी नव्या नळ्या, एवढे झाल्यावर मग पुढचे बोलू.

कुपवाडकर (सांगली)

आपले ब्रेकचे गणित मान्य आहे, पण गाडीची निवडच चुकली आहे. पॅलिओचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला. ब्रेकचे पॅड एक वेळ मिळतील. सस्पेन्शनचे बुश, सेन्सर, वॉटर पंप हे सगळे पुण्याच्या नाना पेठेत दुकानोदुकानी विचारत फिरून गोळा करावे लागते आणि तेही अस्सल निघेल याचा भरवसा नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यापेक्षा २०१३ नंतरची पोलो जीटी टीएसआय घ्यावी. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) मुळातच हाताशी आहे. एक रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅममध्ये बदल) केला की त्या खर्चात मिळणारी ताकद पॅलिओच्या इंजिनातून सारे आयुष्य खटपट करूनही निघणार नाही. पोलो आपल्या चाकणलाच बनत होती आणि उत्पादन २०२२ मध्ये थांबले असले, तरी सुटे भाग आजही सहज मिळतात.

माहुलीकर

सुट्या भागांचा मुद्दा बिनतोड आहे. रिमॅपचा मात्र नाही. त्या पोलोतील सात गिअरचा दुहेरी क्लच कोरडा (तेलात न बुडालेला) आहे आणि तो २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. रिमॅपने टॉर्क २०० च्या पुढे नेला की ही मर्यादा जवळ येते, आणि ट्रॅकवर दर वळणाला गिअर बदलताना क्लच तापतो तो वेगळाच. पॅलिओचा साधा क्लच गावातला मेस्त्रीही बदलून देतो. शिवाय नवख्याने आधी कमी ताकदीच्या गाडीत ब्रेक कुठे सोडायचा हे शिकावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कोयनाकाठ (कराड)

दोघेही ज्या गोष्टीला बगल देत आहेत, ती कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली आहे. पॅलिओच्या पहिल्या खेपेतील गाड्यांची पंधरा वर्षे केव्हाच उलटली असल्याने नोंदणीचे नूतनीकरण आहे, म्हणजे आरटीओसमोर तपासणी आहे. तेथे गडगडणारा एक्झॉस्ट लावून कसे जाणार? आणि शर्यत किंवा वेगचाचणी यांसाठीचा वापर सर्वसाधारण विमा पॉलिसीतून वगळलेला असतो. हजार किलोमीटरच्या आसपास महामार्गाने जाऊन, ट्रॅकवर गाडी ठोकून, परत त्याच गाडीने यायचे, हा हिशेब कुणी मांडला आहे का? माझ्या मते गाडी एक तर मूळ स्वरूपात जपावी, नाही तर ती निव्वळ ट्रॅकची करून फ्लॅटबेडवर (गाडी लादून नेणाऱ्या ट्रकवर) न्यावी. मधला मार्ग फक्त खिशाला चाट लावतो.

कुपवाडकर

फ्लॅटबेडचे जाऊन-येऊन भाडे द्यायचे झाले, तर आमच्यासारखे लोक ट्रॅकवर जाणारच नाहीत. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, त्याचे हे मत आहे.

मिरज जंक्शन (मिरज)

कायद्याबाबत कराडकरांचे म्हणणे खरे असले, तरी पॅड, ऑइल आणि नळ्या बदलणे ही देखभाल आहे, फेरफार नव्हे. माहुलीकरांच्या यादीलाही माझा आक्षेप आहे, पण वेगळ्या कारणाने. त्यांनी सगळे लक्ष पुढच्या डिस्ककडे दिले; पॅलिओला मागे ड्रम आहेत. जुन्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारा भाग) हळूहळू झिरपतो, ऑइल शूच्या लायनिंगवर उतरते आणि जोरात ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रम काढून सिलिंडरच्या टोकाचा रबरी बूट नखाने उचलून पाहावा; आत ओल लागली, तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर नवे घालावेत, एकच नव्हे. दुसरे असे की टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टा) किलोमीटर कमी भरले म्हणून तसाच ठेवू नये, त्याचे रबर वयाने म्हातारे होते. मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे, आणि बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) व वॉटर पंपही त्याच वेळी उरकून घ्यावेत, कारण खोलण्याची मजुरी तेवढीच लागते.

माहुलीकर

ड्रमची सूचना रास्त आहे, ती यादीत वर घेतो. पंपाचे मात्र पटले नाही. अस्सल पंप मिळत नसेल, तर बिनआवाजाचा, न गळणारा मूळ पंप काढून तिथे नकली पंप बसवण्याला मी देखभाल म्हणणार नाही.