विषय: उत्तर: व्हीगन जेवण सामान्य माणसाला परवडतं का?

मंडळी, नमस्कार.

ताई म्हणतात व्हीगन होणं, म्हणजे मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणं, हे पैसेवाल्यांचं खूळ. बदामाचं दूध, नकली चीज आणि पाकिटातले बर्गर टोपलीत टाकले तर बिल फुगणारच. पण तो कडधान्यांचा दोष नाही. भाव पाकिटाचा नको, प्रथिनांचा काढा. १०० ग्रॅम कोरड्या मसुरीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये ३६ च्या आसपास. (शिजल्यावर पाणी शिरतं आणि हा आकडा खाली येतो, पण पैसे आपण कोरड्या मालाचेच मोजतो.) ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १५० देशांतले भाव ताडून पाहिले. श्रीमंत देशांत व्हीगन आहार एक तृतीयांशापर्यंत स्वस्त पडला. नकली मांस आणि हॉटेलातलं किंवा बाहेरून मागवलेलं जेवण त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

– खजिनदार

---

दादा, अर्धंच वाचून दाखवलंत की! त्याच अभ्यासात गरीब देशांत उलटं चित्र आहे. तिथे आधीच पोट धान्या-कंदांवर भरतं. त्यात डाळी, भाज्या, फळं वाढवायची म्हटली की खर्च चढतो.

आणि वेळेचं काय? राजमा रात्रभर भिजवा, मग खळखळून उकळा. मंद आचेवर नुसता ठेवला तर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही आणि पोट बिघडतं. दोन पाळ्या करून भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या माणसाकडे धड शेगडीही नसते. त्याला गरम करून खायचं तयार पाकीटच परवडतं, मग त्यात मांस असो वा नसो.

– ताई

---

ताई, शेगडीचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. भिजवण्याचा मात्र नाही: लाल मसूर डाळ न भिजवता २० मिनिटांत शिजते.

उलट तुम्ही विसरलात ती गोष्ट मीच सांगतो. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आधी काहीच जाणवत नाही. गोळीचा किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांचा खर्च किराण्यातच धरा, डॉक्टरांच्या खात्यात नको.

– खजिनदार