हडळीचा एसी विचारला आणि भीती पळाली

बारावी मोट (धागाकर्ता)
गेल्या रविवारी पोवई नाक्याजवळ मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) डाव बसला होता. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मीच. जागा घेतली साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. सगळ्यांची पाहिलेली, त्यामुळे अष्टकोनी काठ, पायऱ्या, आतला महाल हे समजावत बसायला लागलं नाही. अमावास्येची रात्र, शेवाळाचा वास, रिकाम्या मोटेची करकर. खोलीतली लाइटसुद्धा घालवली होती. मग महालाच्या कमानीत एक बाई उभी, पावलं उलटी. सगळे चिडीचूप. तेवढ्यात आमचा फायटर, म्हणजे लढवय्याचं पात्र खेळणारा, विचारतो, "एसी किती?"

एसी म्हणजे आर्मर क्लास, वार लागायला फाशावर गाठावा लागणारा आकडा. मी १४ म्हणालो आणि डाव तिथंच मेला. दुसऱ्या फेरीत हडळ खलास, मंडळी मिसळीकडं वळली.

माझं मत: स्टॅट ब्लॉक, प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता, म्हणजे भुताचं आधार कार्ड. एकदा दाखवलं की भूत उरत नाही. वर्णन हाच खरा प्राणी, आकडे डीएमच्या वहीत राहावेत.

वीस पैलू
तो फायटर मीच, लपवत नाही. आता मी का विचारलं ते ऐक. तू दहा मिनिटं बोललास, छान बोललास. पण त्यातून मला करण्यासारखं काय मिळालं? वास घेऊ? करकर ऐकू? हातात तलवार आणि फासा, मग माणूस एसीच विचारणार.

तुझी हडळ लढाईत म्हणजे जास्त हिट पॉइंटचा (किती मार सोसेल त्याचा आकडा) गॉब्लिन, खेळातला फुटकळ शत्रू, होती. हिट पॉइंट ४५. पाचव्या लेव्हलला माझे दोन वार, डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ४, म्हणजे वाराला सरासरी ८.५. आम्ही चौघं. तूच गणित कर.

ट्रोल बघ, खेळातला तो दैत्य. २०१४ च्या नियमांत त्याला ८४ हिट पॉइंट, आणि त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला १० भरून येतात. आग किंवा आम्ल लागलं तरच पुढच्या पाळीला ते थांबतं. "जखम डोळ्यांदेखत मिटली" हे वर्णनही आणि नियमही. भीती तिथं आकड्यामुळंच वाटते.

यवतेश्वर घाट
पटत नाही. राक्षस घ्या, आपल्याकडूनच उचललेला. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकातही, आहे. वाघाचं तोंड आणि तळवे उलटे. २०१४ च्या स्टॅट ब्लॉकमध्ये त्या उलट्या तळव्यांचा आकड्यांवर काय परिणाम? शून्य. तरी राक्षस म्हटलं की सगळ्यांना आधी तेच आठवतं. सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याला लागत नाहीत, हे पाठ असलेले किती जण आहेत इथं?

प्रत्येक गोष्टीला फासा जोडायचा म्हटलं तर मग कॅरमच खेळा ना.

वीस पैलू
ज्याचा हुकमी मंत्र त्या राक्षसावर वाया गेलाय त्याला विचार, जन्मभर पाठ असतं.

आणि उलटंही होतं, दादा. जिलेटिनस क्यूब कुठून आला? नकाशावर भुयारं दहा फुटी, म्हणून त्यात नेमका मावणारा दहा फुटी पारदर्शक ठोकळा. आलेखाच्या कागदातून निघालेलं भूत ते! नियम आधी, किळस नंतर.

कृष्णाकाठची
दोघंही मारामारीच धरून बसलाय. आमच्या आजोळी विहिरीवरच्या आसरांना हळदकुंकू वाहतात, त्यांचा एसी कुणी काढत नाही.

मी एकदा कासच्या वाटेवर चकवा घातला होता. हिट पॉइंटच नाहीत. दर तासाला एक फासा, हुकला की पुन्हा त्याच दगडापाशी. तिसऱ्यांदा तोच दगड आला तेव्हा नकाशावरची सोंगटी मी उचलून खिशात टाकली. कोणी हसलं नाही. सुटका एकच, बसून राहायचं, उजाडेपर्यंत. वर्णन किती केलं? दोन वाक्यं.

खोटं कशाला सांगू, आमचा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा खेळणारा, पाऊण तास मोबाइल बघत होता. त्याच्या पात्राच्या कागदावर मारण्यापलीकडं काही लिहिलेलंच नव्हतं. त्यावर उत्तर मलाही सापडलेलं नाही.

बारावी मोट
मग उलट्या पावलांना नियम देतो. माग काढायला १५ च्या वर फासा पडला तर माग स्वच्छ दिसेल आणि माणूस बरोबर उलट्या दिशेला जाईल. हुकला तो विहिरीवरच थांबेल, म्हणजे तिच्यापाशी.

वीस पैलू
चांगला फासा पडल्याची शिक्षा? पुढच्या वेळी फासा कोण टाकेल? आधी काहीतरी हाती दे.

कृष्णाकाठची
पायऱ्यांवर पावलं फक्त पाण्याकडं उतरणारी दाखव. वर येणारं एकही नको. आणि ती ओली असू देत.

यवतेश्वर घाट
ओली असली म्हणून काय झालं?

कृष्णाकाठची
पाण्यात उतरणाऱ्याचे पाय ओले असतात का?

यवतेश्वर घाट
बाप रे.

बारावी मोट
हे घेतलं. रविवारी चार वाजता, तीच खोली. वीस पैलू, आता तुला माहीत आहे, तोंड उघडायचं नाही.

वीस पैलू
नाही उघडत. एसी १४च ठेवलायस ना?